ताम्हिणीचा पाऊस माझ्या मॉडेलमध्ये कोथरूडात का पडतो?

कोथरूडची बरणी:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी घरच्या १६ कोअरच्या पीसीवर वर्फ (WRF, हवामानाचं मॉडेल) चालवतोय. बाहेरचं डोमेन (मॉडेल मोजतं तो भाग) २७ किमीच्या चौकोनांचं, आतलं ९ च्या, सीमेचा डेटा जीएफएसचा (अमेरिकेचं जागतिक मॉडेल). जुलैमधल्या एका दिवसाचा रन काढला तर कोथरूडला २४ तासांत ३८ मिमी. त्या दिवशी गच्चीवरच्या बरणीत (हो, लोणच्याचीच, पण तोंड आणि बूड सारखंच आहे, मोजून घेतलंय) जेमतेम ४ मिमी. ताम्हिणीला निघालेला मित्र मात्र मुळशीच्या पुढून परत फिरला, समोरचं काही दिसेना म्हणून. म्हणजे पाऊस होता, मॉडेलने तो ४० किमी पूर्वेला आणून ओतला. मायक्रोफिजिक्सच्या (ढगात थेंब कसे बनतात त्या गणिताच्या) तीन स्कीम बदलून झाल्या, ढिम्म फरक नाही.

निवृत्त फोरट्रान:
मायक्रोफिजिक्सला हात लावायच्या आधी डोंगर बघायचा रे. आउटपुटमधली जमिनीची उंची घे आणि रोह्यापासून पुण्यापर्यंत एक आडवी रेघ प्लॉट कर. तोरणा १४०३ मीटर, आणि कोकणातून माथ्यावर यायला कड्याला काही किलोमीटरच लागतात. ९ किमीच्या एका चौकोनात तळ, कडा, माथा सगळ्यांची सरासरी होते. कडा जातो, घसरगुंडी उरते. समुद्रावरचा वारा एकदम उचलला जायच्या ऐवजी रमतगमत चढतो, पाऊस पसरतो आणि पर्जन्यछायेत, म्हणजे तुझ्या बरणीकडे, सांडतो. शिवाय कुठलीही गोष्ट धड उमटायला मॉडेलला सहा-सात चौकोन लागतात. ९ किमीवर साधारण ६० किमी झाले, आणि तुझी चूकच ४० ची!

आत ३ किमीचं डोमेन टाक, त्यात क्युम्युलस स्कीम (चौकोनात न मावणाऱ्या बारीक ढगांचा पाऊस अंदाजाने धरणारी) ०, म्हणजे बंद. बाहेरच्या दोन्हींत चालू राहू दे. टाइम स्टेप (मॉडेल वेळेत एका पावलात किती पुढे जातं) चौकोनाच्या किमीच्या सहापट सेकंद, म्हणजे तिथे १८. कड्यावर वारा उभा चढला की तेवढ्यानेही रन क्रॅश होतो, मग १५ कर. आणि डोमेनची पश्चिम कड समुद्रात ठेव. आमच्यातल्या एकाने ती नेमकी लोणावळ्यावर आणली होती, आठवडाभर सीमेवरच धो-धो.

दुपारचा ढग:
सुरुवातीचे १२ तास वगळलेत का? मॉडेलला स्वतःचे ढग जमवायला तेवढा वेळ लागतो. आणि अख्ख्या चौकोनाची सरासरी एका बरणीशी काय ताडता? शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, तिन्हींचे आकडे घ्या.

कोथरूडची बरणी:
रेघ काढली. माझा सह्याद्री ७०० मीटरवरच संपतो! १२ तास वगळलेच नव्हते, तेही केलं. ३ किमीचा रन रात्री दहाला लावला, सकाळी साडेसातला संपला. पावसाचा पट्टा मुळशीच्या पलीकडे सरकला, कोथरूड ९ मिमी. आई विचारतेय, रात्रभर घरघर कसली होती. आता १ किमी करून बघू?

निवृत्त फोरट्रान:
तेवढ्याच भागाला चौकोन ९ पट, पावलं ३ पट, म्हणजे काम २७ पट. अकरा दिवस घरघर चालेल का, आधी आईला विचार.