दोन वर्षांच्या मुलीसह अनाहाइमचे डिस्नेलँड

प्रश्न : आमची मुलगी दोन वर्षांची आहे. तिला घेऊन कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडला जाण्यात अर्थ आहे, की ती मोठी होईपर्यंत थांबावे?

उत्तर : जरूर जावे. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि उडत्या हत्तींच्या ‘डम्बो’सारख्या राइडला उंचीची अट नाही. सकाळी दार उघडताच फँटसीलँड हा लहान मुलांच्या राइडचा विभाग गाठावा, कारण पुढे रांगा वाढतात आणि मूलही पेंगुळते.

आणखी एक उत्तर : उंचीची अट असलेल्या राइडसाठी ‘रायडर स्विच’ मागावे, त्यामुळे एक पालक मुलीजवळ थांबतो आणि राइडला गेलेला पालक परतल्यावर थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. प्रवेशदारापासून आत जाणाऱ्या मेन स्ट्रीट या रस्त्याच्या टोकाशी बेबी केअर सेंटर आहे.

प्रश्नकर्ती : घरचा वरणभात आत नेता येतो का?

उत्तर : येतो, मात्र काचेचा डबा चालत नाही.