अनुभव धागा: आमच्या कुत्र्याची रात्रपाळी

मांडवीकाठ

परवा रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघत होतो. फेरी लागली, स्कूटरवाले नेहमीप्रमाणे एकमेकांच्या अंगावरून आत घुसले आणि त्यांच्यामधून एक तांबूस कुत्रा चढला. कानाला नसबंदीची खाच, चालण्यात अजिबात घाई नाही. कठड्याला नाक लावून पाणी बघत बसला. चोडणला फळी पडली तसा सगळ्यांच्या आधी उतरला आणि पक्षी अभयारण्याच्या रस्त्याने निघून गेला. फेरीवरच्या माणसाला विचारलं, हा कोणाचा? म्हणाला, "कोणाचोच न्हय. ड्यूटीर वता." (कोणाचाच नाही, ड्यूटीवर जातो.)

त्यावरून डिचोलीच्या आमच्या जुन्या घरातला बंड्या आठवला. दिवसा बंड्या म्हणजे सोप्यावर टाकलेली गोणी. मांजर त्याच्या ताटातलं खायचं, हा एक डोळा उघडून बघायचा आणि परत मिटायचा. रात्री जेवणं झाली की मात्र गायब. पहाटे यायचा तो कोपरापर्यंत चिखल, अंगाला विडीचा वास आणि कधीकधी कपाळावर चक्क कुंकू.

आजो सांगायचा, हा राखणदाराबरोबर जातो. गोव्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे गावाचा देवचार, म्हणजेच राखणदार, रात्री सीमेवरून फेरी मारतो, हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा. लोक त्याच्या जागेवर नव्या वहाणा ठेवतात कारण जुन्या झिजतात. आजोच्या मते देवचाराला काळोखात सगळं दिसतं, फक्त नवीन कंपाउंड वॉल दिसत नाही. त्याची वाट पोर्तुगीजांच्या आधीची, आणि मधे लोकांनी भिंती घातलेल्या. मग बंड्याचं काम पुढे जाऊन भगदाड शोधायचं. नसेल तर मालक उठेपर्यंत भुंकायचं. आमच्या वाड्यावर एका बंगल्याच्या मागच्या भिंतीला अजून एक विनाकारण वाट ठेवलेली आहे. मालकाने ती का ठेवली हे तो सांगत नाही.

आजी या कशावर बोलायची नाही. पण सकाळची पहिली भाकरी बंड्याची. "रातभर वावरून आयला," (रात्रभर काम करून आलाय) एवढंच.

तर लिहा. खरंखोटं विचारणार नाही.

मेघा_शिवोली

आमचा टायगर!! दिवसा झुरळाला घाबरतो. रात्रीचं सांगते, थांबा, कुकर झालाय.

उकडा_तांदूळ

खाजनाकाठी (खाडीलगतची बांध घातलेली शेतं) वाढलेल्यांनाच हे कळेल. आमचा कॅप्टन कुर्ल्यांशी (खेकड्यांशी) लढायचा. हसू नका.

बांध मातीचा. कुर्ल्या त्याला भोकं पाडतात, भोकातून भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं. कोरगुट भात खारेपणा सोसतं म्हणूनच लावतात, पण त्याच्याही सोसण्याला शेवट आहे. तर पुनव-अवसेला उधाणाची भरती असली की कॅप्टन संध्याकाळपासून बांधावर. भोकात नाक खुपसून जोरात फुस्स करायचा, मग पुढच्या दोन पायांनी उकरायला लागायचा. नाकाच्या शेंड्यावर नांगीच्या दोन खुणा होत्या, आडव्या, गुलाबी, केस कधी आलेच नाहीत तिथे. काका ओरडायचे की हा भोक बुजवतोय का मोठं करतोय. आजीचं म्हणणं, शत्रूला बाहेर काढल्याशिवाय दार कसं लावणार?

एका अवसेला मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) दारात ओंडका अडकला. मानशीचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, माणूस लागत नाही. पण मधे ओंडका आला की खेळ खलास. कॅप्टनने काकांची लुंगी दातात धरून त्यांना घरातून काढलं. म्हणजे लुंगी आधी पोचली, काका नंतर. ओंडका हलेना. आणि मग हलला. काका आजही शपथेवर सांगतात की पलीकडून कुर्ल्या ढकलत होत्या, शेकड्यांनी, आणि सगळ्यात पुढे एका नांगीचा त्यांचा सेनापती. पाणी उलटसुलट झालं तर त्यांची बिळंही वाहून जातात ना.

त्या रात्री तह झाला. बांधाच्या नदीकडच्या अंगाला बिळं चालतील, शेताकडच्या नाही. सेनापतीने नांगी वर केली, कॅप्टनने पंजा. कॅप्टन गेल्यावर कुर्ल्यांच्या नव्या पिढीने तह मोडला.

पात्रांव_६७

कुर्ल्यांशी तह?? आमच्याकडे शेक-शेक (नारळाच्या वाटणातलं कालवण) करतात त्यांचं. तुमचे काका सेनापती हातात आल्यावर सोडून आले?

उकडा_तांदूळ

@पात्रांव, सेनापती शाकाहारी दिवशी भेटला. सोमवार होता.

तर्कट

मजा येतेय, पण कुत्रा झोपेत पाय मारतो, कुंई कुंई करतो ते स्वप्नामुळे. माणसासारखीच त्यांचीही डोळे हलणारी झोप असते. आणि रात्री उगाच भुंकत नाहीत. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वर. वटवाघूळ, उंदीर, दूरचं मशीन, काहीही असेल.

पात्रांव_६७

@तर्कट म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही असं काहीतरी रात्री चालू असतं हे तुम्हीच कबूल केलंत. थँक्यू.

सोनचाफा

😂😂 तर्कट भाऊ स्वतःच्याच बांधाला भोक पाडून बसले

पेडण्याची_सून

आमच्या राजाची पदेराशी (पाववाल्याशी) पार्टनरशिप आहे. पहाटे पों पों ऐकू आलं की हा फाटकाबाहेर. पदेर सायकल थांबवत नाही, नुसता वेग कमी करतो, राजा शेजारून धावायला लागतो. कारण पुढच्या वळणावर भटांच्या घरातले तीन कुत्रे आणि त्यांचं पदेराशी जुनं वैर. राजा मधे घुसतो, शेपटी वर, त्यांच्याकडे न बघता. ते गुरगुरतात पण जागेवरून हलत नाहीत. सांकवापर्यंत सोडतो. सांकवाच्या पलीकडे एक काळी कुत्री बसलेली असते, तिथून पुढे तिची हद्द. हा थांबतो, ती उठते. एकमेकांना हुंगतसुद्धा नाहीत, इतकं ऑफिशियल. पगार एक पोई (कोंड्याचा पाव), तिच्याऐवजी उंडो (गोल कडक पाव) दिला तर तोंड फिरवतो.

गेल्या चवथीला पदेर गावी गेला होता, बदली पोरगा आला. राजाने त्यालाही पोचवलं. पण पोराला रिवाज माहीत नव्हता, पोई दिली नाही. दुसऱ्या दिवशी राजा फाटकातून बाहेर आलाच नाही. पोरगा भटांच्या घराजवळून कसा गेला ते मी लिहीत नाही, टोपलीतली काकणं (बांगडीसारखे कडक पाव) मात्र त्या तिघांनी खाल्ली. तिसऱ्या दिवशी पोरगा आधी फाटकात थांबला आणि दोन पोई काढून ठेवल्या.

मेघा_शिवोली

आले. टायगरचं: आमच्या माडावर रात्री कोणीतरी चढायचं. चोर नाही, नारळ जायचे नाहीत. उलट खाली पडलेले नारळ सकाळी वृंदावनाजवळ ओळीत लावलेले. सासूबाई म्हणाल्या भुताटकी. मी खिडकीत बसले. दोन वाजता टायगर आला, वर बघितलं, एकदाच हळू "भू". धप्प. नारळ पडला. हा बाजूला सरकलेला. नाकाने ढकलत नेऊन ठेवला. परत आला. "भू". धप्प. माडाला काय सांगतो कुणास ठाऊक. आता पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही, मिळाला तर भाव ऐकून चक्कर येते, त्यामुळे घरात कोणी तक्रार करत नाही.

झुरळाचं मात्र खरं आहे. काल पलंगावर चढून बसला होता.

सोनचाफा

मेघा, टायगर भाड्याने मिळेल का गो? आठ माड आहेत.

डोंबिवली_फास्ट

छान धागा. थोडं अवांतर, डिसेंबरात येतोय, आमच्या लॅब्रेडॉरला बीचवर नेता येईल का?

पेडण्याची_सून

पहाटे न्या, पट्टा सोडू नका. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, प्रत्येकीची हद्द ठरलेली. आणि वाळूत मासेमारीचे गळ, जाळ्याचे तुकडे असतात, पाय बघत जा. ३१च्या आसपास तर नेऊच नका, फटाके.

वाळपई_घाट

मी लिहू का नको असं झालं होतं.

आम्ही म्हादई अभयारण्याच्या कडेला राहतो. बिबटो अंगणात येतो, कुत्री नेतो, हे आमच्याकडे बातमी नाही. आमचा ब्लॅकी गोठ्यात झोपायचा. एका रात्री गाई उठल्या, घंटा वाजायला लागल्या, ब्लॅकी सुटला. आम्ही बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत आवाज रानात गेला होता. वासराला ओरखडाही नव्हता. ब्लॅकी आला नाही.

मुलगा तेव्हा पहिलीत. त्याला माझ्या वडिलांनी सांगितलं की ब्लॅकीची बदली झाली, वर घाटात, मोठी पोस्ट आहे. पोराने विचारलं क्वार्टर मिळाली का? वडील म्हणाले मिळाली, समोर ओहोळ आहे. मग पोरगा कित्येक दिवस घाटाच्या बाजूने कुत्रा भुंकल्याचा आवाज आला की "रिपोर्ट आयलो" म्हणायचा. आता दहावीला आहे. परवा रात्री असाच आवाज आला, मी त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "बाबा, आतां प्रमोशन जालें आसतलें."

सोनचाफा

❤️

पात्रांव_६७

वाळपई, बरें केलें बरयलें तें. ब्लॅकीला सलाम.

नर्सबाय

माफ करा, विषय सोडून लिहिते, पण इथे बरेच कुत्रेवाले आहेत म्हणून. चावलं, नुसतं ओरखडलं, तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, कॉफी पावडर काही लावू नका. मग लगेच दवाखान्यात, इंजेक्शनचे सगळे डोस पूर्ण. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला म्हणून लोक ढिले पडलेत. लसवाले येतात तेव्हा कुत्रे लपवू नका.

आता विषयावर. लसवाले मोठ्या जाळ्या घेऊन येतात, टोचून झालं की ओळख राहावी म्हणून डोक्यावर रंगाचा पट्टा मारतात. आमच्या वाड्यावरचा लंगडा भाव्या मारलेला पट्टा घेऊन आठवडाभर छाती काढून फिरला. बाकीचे त्याच्या मागून. मी तर म्हणते त्यांना लस कळली नाही, फौजेतली भरती कळली. पुढच्या वर्षी जाळी दिसताच भाव्या स्वतः जाऊन बसला आणि बाकीच्यांकडे असं बघितलं की या, लाईन लावा.

तर्कट

दत्ताचे चार कुत्रे म्हणजे चार वेद म्हणतात. काळभैरवाचं वाहन कुत्रा. धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत गेला तोही कुत्रा, आणि तो खुद्द यमधर्म निघाला. तेव्हा गुप्त रूपाची परंपरा जुनी आहे. (हो, पार्टी बदलली मी.)

पात्रांव_६७

स्वागत! फक्त आता कोणी रायगडचा वाघ्या काढू नका, धागा पन्नास पानं जाईल आणि कुत्रे बाजूला राहतील.

पणजी_पाऊस

आमचा सिम्बा. पणजीत फ्लॅट, तिसरा मजला. लेकीच्या मते तो रोज रात्री बाल्कनीतून उडून जाऊन राक्षस मारतो. तिने वहीत लिस्ट ठेवली आहे: सोमवारी पाण्याच्या टाकीतला, मंगळवारी लिफ्टमधला, बुधवारी सुट्टी.

मग आली नरकासुराची रात्र. चौकाचौकात पुतळे, रात्रभर स्पीकर, खिडक्यांच्या काचा थरथरतायत. सिम्बा बाथरूममध्ये, बादलीच्या मागे, डोकं मगात. खरंच मगात. लेक दारात उभी राहून बघत होती, मला वाटलं आता रडेल. तिने दार हळूच लोटलं आणि बाहेर कागद चिकटवला: "आत मीटिंग चालू आहे." पहाटे नरकासुर जळला, आवाज थांबला, सिम्बा बाहेर आला. लेकीने लिस्टमध्ये लिहिलं: मोठा राक्षस, रिमोटने.

आम्ही कारीट फोडून, अंघोळी करून फोव खायला बसलो तोवर साहेबांनी रोसातल्या फोवाचं पातेलं साफ केलं होतं.

डोंबिवली_फास्ट

रोसातले फोव म्हणजे?

पणजी_पाऊस

नारळाचं दूध, गूळ, वेलची, त्यात पोहे. शिवाय दुधातले, ताकातले, बटाट्याचे. दिवाळीला एका घरात पाच प्रकार तरी होतात.

सोनचाफा

गूळ माडाचा घ्यायचा गो, काळा. उसाच्या गुळाला ती चव ना. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो.

मेघा_शिवोली

माडाचा गूळ आता भेसळीचाही येतो, फोडून बघा, आतून ओलसर हवा.

वाळपई_घाट

आमच्याकडे ओळखीचा रेंदेर (माडाचा रस काढणारा) आहे, घरचाच करतो. कोणाला हवा असेल तर चवथीआधी सांगा, नंतर उरत नाही.

पेडण्याची_सून

मला दोन. आणि पावसात गोचिडांवर काय करता सगळे? राजाच्या कानात भरल्या आहेत, हात लावू देत नाही. पदेराने सांगितलेलं करंजेल तेल लावून बघितलं, चाटून टाकलं.

नर्सबाय

तेल नको. बोटांनी झटक्यात ओढूनही काढू नका, तोंड आत राहू शकतं. डॉक्टरकडून थेंब आणा, मानेच्या मागे टाकायचे, जीभ पोचत नाही तिथे. वजनाप्रमाणे देतात, आधी वजन करा.

पेडण्याची_सून

वजन कसं करणार, काट्यावर उभा राहत नाही.

पात्रांव_६७

आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग त्याला उचलून. वजा करा.

पेडण्याची_सून

पहिला आकडा इथे सांगायचा नाही ना?