पगार किती, हे तुम्ही कुणाकुणाला सांगता? (अनुभव येऊ द्या)

कौलारू
परवा गावच्या घराचा माळा झाडला. पत्र्याच्या ट्रंकेत आजीने सुतळीने बांधून ठेवलेली मनीऑर्डरची कुपनं सापडली. बाबा मुंबईत गिरणीत, घर गुहागर तालुक्यात. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची, तो तुकडा पोस्टमन घरी देऊन जायचा. "पैसे पाठवले आहेत. पेंढा भरून घ्या. बाकी खुशाल." एवढंच. रक्कम मात्र साऱ्या वाडीला ठाऊक. कारण आजी अंगठा उठवायची आणि अंगठ्याला साक्षीदाराची सही लागायची. ते काम शेजारच्या तात्यांचं. तात्यांनी सही ठोकली की संध्याकाळपर्यंत वाण्यालाही कळलेलं असायचं, आणि त्यावर आमची उधारी ठरायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे मनीऑर्डर यायची थांबली, तेही कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. वाण्याने वही उघडणंच बंद केलं.

आता सख्खा भाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याला पगार किती, आईलाही माहीत नाही. वहिनी म्हणते कंपनीत सांगायला बंदी आहे. आई म्हणाली, "मी कुठे त्याच्या कंपनीत आहे?"

तर, तुम्ही सांगता का? कुणाला? सांगून फायदा झाला की डोक्याला ताप?

शेवग्याची शेंग
माझ्याकडे मोठा किस्सा आहे. कुकर लावून येते.

गजालवाडी
कणकवली स्टँडार उतरलंय काय पयलो प्रश्न, "कितको गावता रे तुका?" कमी सांगितलंय तर "मगे मुंबयत कित्याक रवतस, गावात येऊन बस." जास्त सांगितलंय तर "देवळाच्या कळसाक कितके लिवू?" बापाशीन एकच उत्तर शिकवलेला, "भागता." अजून ताच चलता.

साइन ऑफ
हाहा. "भागता" उचललं.
जहाजावर उलटी तऱ्हा. पगार रँकवर. थर्ड ऑफिसरला किती, बोसनला किती, मोटरमनला किती, गॅलीतल्या पोराला पण माहीत. लपवायचं काहीच नाही, म्हणून त्यावरून रुसवेफुगवे पण नाहीत. गावात आलं की भानगड सुरू. लोक डॉलरला रुपयाने गुणतात आणि मग बाराने गुणतात. अरे बाबा, साइन ऑफ झालो, म्हणजे काँट्रॅक्ट संपून जहाजावरून उतरलो, की पगार बंद! पुढचं काँट्रॅक्ट कधी मिळेल ते एजन्सी जाणे. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांनी माझ्यासमोर मोबाइलवर गुणाकार केला. मी म्हटलं, मामा, बाराने नको, सहा-सातने करा. ते गप्प. लग्न झालं तिकडेच, पण मामा अजून माझ्याकडे संशयाने बघतात.

कौलारू
@साइन ऑफ मामांचा कॅल्क्युलेटर 😂

मिरकरवाड्याचा
बोटीवर पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा करायचं, मग मालकाचा हिस्सा, मग तांडेल (बोट चालवणारा), मग खलाशी. बोटीबोटीचा हिशेब वेगळा पण होतो सगळ्यांसमोर. मासळी किती गेली ती जेटीवर सगळ्यांनी बघितलेली असते, लपवणार काय कप्पाळ. जून-जुलै बंदी, तेव्हा मालकाकडून उचल. ती पण सगळ्यांना माहीत. उचल कुणावर किती चढलीय त्यावरून पुढच्या सीझनला कोण कुठल्या बोटीवर जाणार ते कळतं. म्हणजे उघडं असलं तरी सुटका आहेच असं नाही.

दर्यावरचा दादा
बांगडा काय भाव चाललाय सध्या मिरकरवाड्यात?

शेवग्याची शेंग
आले. तर ऐका. चिपळूणजवळ एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. माझ्यानंतर एक मुलगा लागला. तीच डिग्री, तेच पद, तीच शिफ्ट. चांगला होता हं पोरगा, अजून राखी बांधते. त्याला घरासाठी कर्ज हवं होतं, त्याची रात्रपाळी चाललेली, म्हणून बँकेत कागद द्यायला मला पाठवलं. पाकिटात पगाराच्या पावत्या. बँकेतल्या बाईंनी माझ्यासमोरच पसरल्या. बेसिकच माझ्यापेक्षा जास्त! मी त्याला सरळ विचारलं, तर तो बिचारा म्हणाला ताई मला वाटलं तुम्हाला माझ्याहून जास्त असेल, सीनियर आहात.

साहेबांकडे गेले. पहिला प्रश्न काय? "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" किती फरक आहे, का आहे, ते राहिलं बाजूला. मग म्हणाले, त्याच्यावर घर चालतं. मी म्हटलं माझ्यावर काय हॉटेल चालतं का? त्या वर्षी थोडी वाढ दिली, पूर्ण नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ चा आहे, आता तेच वेतन संहितेत आलंय. पण समोरच्याला किती मिळतंय हेच माहीत नसेल तर त्या कायद्याचं करायचं काय, लोणचं?

गुरुमाय
शेंगे +१

आमचं काय, सरकारी शाळा. पगार जीआरमध्ये (शासन निर्णयात) छापून येतो. शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा प्राथमिकला महिना ६,००० मानधन. घरभाडं, एसटी, आणि वर "मास्तरीणबाईंना काय कमी!" जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० झालं. मी तोवर कायम झालेली, तो लाभ मला नाही. तर दूधवाला म्हणाला, "बाई, आता सोळा झाले ना तुमचे?" म्हटलं माझे नाहीत रे, नवीन मुलीचे. तर म्हणे मग तुमचे किती, सातवा वेतन आयोग आहे ना तुम्हाला? हिशेब लिटरवर आणि लक्ष आयोगावर.

पण एक सांगते, उघड असल्यामुळे मला कधी शेंगेसारखं साहेबांपुढे उभं राहावं लागलं नाही. शेजारच्या वर्गावरच्या सरांचा पगार सेवेची वर्षं मोजली की कळतो.

कारकून
पगाराचं काम बघतो म्हणून थोडं. लोक "पॅकेज" सांगतात आणि घोळ होतो. सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बहुतेक ठिकाणी मालकाने भरायचा पीएफ (बेसिकच्या १२%) आणि ग्रॅच्युइटी (बेसिकच्या ४.८१%) पण धरलेली असते. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं टिकलात तर हातात. वर व्हेरिएबल म्हणजे मिळाला तर मिळाला. एकाने सीटीसी सांगितला, दुसऱ्याने हातात येतो तो, की दोन मित्रांत उगाच भांडण. विचारायचंच असेल तर बेसिक विचारा. @कौलारू, "बंदी" म्हणजे नियुक्तीपत्रातलं गोपनीयतेचं कलम. स्वतःचा पगार आईला सांगितला म्हणून कुणाची नोकरी गेलेली मी तरी बघितली नाही.

कौलारू
हे वहिनीला वाचून दाखवू का?

कारकून
माझं नाव सांगू नका.

उत्तरेचा वारा
सध्या नॉर्वे, मूळ देवगड. इथे कुणाचंही करपात्र उत्पन्न, मालमत्ता आणि भरलेला कर सरकारी साइटवर लॉगिन करून बघता येतो. शेजाऱ्याचा, साहेबाचा, आमदाराचा. फक्त २०१४ पासून एक पाचर मारलीय. तुम्ही कुणाचं बघितलंत ते त्या माणसाला कळतं. झालं, शोधणारे झपाट्याने कमी झाले! आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मग तुमच्या त्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं बघितलंस की नाही?"

गजालवाडी
मगे बघलंस काय?

उत्तरेचा वारा
नाय बाबा. तेंका कळात ना!

तिठ्यावरचा
नॉर्वेसारखं आपल्याकडे झालं तर तिठ्यावर पारावर बसायलाच कुणी उरणार नाही, विषयच संपतील 😄

खाडीपलीकडे
थोडं लांबलंय, माफ करा. आमचे अब्बा कुवेतला. पगार किती ते अम्मीलाही आकड्यात कधी सांगितलं नाही. गावात मात्र सगळ्यांनी आपापला आकडा धरलेला. एक दिनार म्हणजे किती रुपये ते मशिदीबाहेर बसणाऱ्यांना तोंडपाठ. दर सुट्टीला चार जण उसने मागायला, दोन जण व्हिसा मागायला. अब्बा नाही म्हणायचे नाहीत.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य घुसलं. अब्बा इतरांबरोबर बसने अम्मानला पोचले, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. लाखाच्या वर माणसं आणली तेव्हा. खेडला एसटीतून उतरले तेव्हा हातात एक बॅग. बँकेतलं, घरातलं सगळं तिकडेच राहिलं. आणि गावात बोलणं काय? "सोनं आणलं असेल, दाखवत नाहीत." पुढच्याच आठवड्यात एक जण उसने मागायला आला. तेव्हा अम्मीने दारात उभं राहून त्याला सगळं सांगितलं. काय कमावलं, कुणाकुणाला दिलं, त्यातलं परत किती आलं. नावांसकट. अब्बा आत बसलेले, बाहेर आले नाहीत. त्यानंतर मागणारे बंद झाले आणि दोन-तीन जणांनी जुने पैसे आणून दिले.

आमच्याकडे आता मुलांना सगळं सांगतो. कर्ज पण.

गुरुमाय
अम्मींना सलाम.

शेवग्याची शेंग
बाप रे. काटा आला वाचून. अम्मी आहेत का?

खाडीपलीकडे
आहेत ना. अजून हिशेब ठेवतात, माझा पण.

काळी कॉफी
लोक पगार लपवतात आणि देवळात दिलेली देणगी फरशीवर कोरून घेतात. आमच्या ग्रामदेवतेच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे "कै. अमुक यांचे स्मरणार्थ रु. ५,००१".

तिठ्यावरचा
आणि एक रुपया जास्त देणाऱ्याची फरशी गाभाऱ्याजवळ.

हापूसवाला
बागायतदार. आमच्यात पगार नाही, पट्टी येते, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी. पेट्या वाशीला जातात, दलाल विकतो, भाडं-हमाली-तोलाई-कमिशन कापून पट्टी पाठवतो. आता गंमत बघा. पट्टी कुणी कुणाला दाखवत नाही. पारावर मात्र प्रत्येकाची पेटी बाजारात सगळ्यात महाग गेलेली. ज्याला कमी मिळालं तो लाजेने गप्प, की आपल्या मालात खोट असेल. दलालाला हेच पाहिजे.

मागे आम्ही वाडीतल्या चार-पाच जणांनी ठरवलं की पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, खाडाखोड न करता. पहिल्याच आठवड्यात कळलं, एकाच तारखेला, पाच डझनी पेटी, सारखंच फळ, एकाच गाळ्यावर गेलेलं, आणि भावात पेटीमागे पाचशेचा फरक! दलालाला फोन केला तर म्हणाला तुमच्या मालात डाग होता. दोघांचा माल एकाच टेम्पोत एकाच दिवशी गेलेला. पुढल्या पट्ट्या बऱ्यापैकी सरळ आल्या. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चांगलंच झालं, पण मला विचाराल तर शेजाऱ्याच्या पट्टीचा फोटो जास्त कामाला आला. पगाराचंही तसंच असणार. झाकलेल्या आकड्यावर देणाराच जगतो.

मिरकरवाड्याचा
एकदम बरोबर बोललात.

शेवग्याची शेंग
@हापूसवाला मस्त! एक विचारू? तुमच्या बागेत गड्याला किती आणि बाईला किती?

दर्यावरचा दादा
कुणी बांगड्याचा भाव सांगेल का

मिरकरवाड्याचा
दादा, भाव सकाळी एक संध्याकाळी एक. या, जेटीवरच बघा.

काजूगर
मजुरीवरून आठवलं. आमची आई काजूच्या कारखान्यात सोलायला जायची, वेंगुर्ल्याकडे. किलोवर पैसे. अख्खा गर निघाला तर एक दर, तुकडा झाला तर कमी. कुणाचे किती किलो झाले ते संध्याकाळी मोठ्याने वाचायचे. त्या बायका एकमेकींपासून काही लपवत नसत, आणि दर वाढवून घ्यायला गेल्या तेव्हा सगळ्या एकत्र गेल्या. मी आता मुंबईत ऑफिसात. शेजारच्या खुर्चीवरच्याचा पगार माहीत नाही आणि अप्रेझलला एकेकटे आत जातो.

कौलारू
@काजूगर हे खरं. मजुराची मजुरी कायम उघडीच असते, बाजारात विचारून ठरते. झाकाझाक ऑफिसातल्या पंख्याखाली सुरू होते, मग एसीत, अशी वर वर चढत जाते.

साइन ऑफ
जाता जाता, गणपतीचं रेल्वेचं तिकीट काढलं का सगळ्यांनी? आता ६० दिवसच आधी मिळतं, १२० चे दिवस गेले. सकाळी आठला बसा, आठ-एकला वेटिंग.

गजालवाडी
तुतारी एक्सप्रेस गावली. आता घराक जाऊन "भागता" सांगूचा.

शेवग्याची शेंग
@हापूसवाला माझा प्रश्न तसाच राहिला हं. गडी किती, बाई किती?

हापूसवाला
ताई, कामं वेगळी असतात. गडी झाडावर चढतो, पेट्या उचलतो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो.

शेवग्याची शेंग
आणि गवत कापणं, पालापाचोळा, आढी लावणं, फळ निवडणं, पेटी भरणं? आणि जी कामं दोघं करतात त्यांचं काय? पट्टीचा फोटो टाकता, मग हाही आकडा टाका की.

काजूगर
🍿

हापूसवाला
गडी ६००, बाई ३५०. चहा-जेवण दोघांना. भाव आमच्या पंचक्रोशीचा आहे, मी एकट्याने ठरवलेला नाही.

शेवग्याची शेंग
आमच्या वाडीत बाईला ४०० सुरू झालेत. तुमच्याकडे येणाऱ्या बायका हे वाचत नाहीत म्हणून बरं.

गुरुमाय
@हापूसवाला, बाग लांजा की राजापूर? माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया बागेत जातात. विचारते उद्या.