पिक्चरमधली कुठली मुंबई खरी वाटते तुम्हाला?

चौथीसीट:
आईच्या हातात रिमोट असला की आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही, त्यामुळे हल्ली रात्री सिरियल बघावी लागते. त्यातली हिरोईन म्हणे परळच्या चाळीत राहते, आणि घरात काय तर मधोमध सोफा नि मागे जिना. चाळीतल्या खोलीत जिना?? जातो कुठे तो, वरच्या बिऱ्हाडात? अरे मुंबईत जागा नसते आणि माणसाची निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात, तेच काढून टाकलं की मग उरतात सासू आणि कारस्थानं.
माझ्या मते हे सगळ्यात भारी दाखवलंय मुंबईचा जावई मध्ये, १९७० चा, राजा ठाकूरांचा. नवीन लग्न झालेलं जोडपं, घर माणसांनी भरलेलं, दोघांना निवांत बोलायला कोपरा मिळेना, बास एवढीच स्टोरी. बासू चॅटर्जींनी १९७२ ला त्यावरूनच पिया का घर काढला. का रे दुरावा सगळ्यांना पाठ असतं पण ते गाणं ज्या पिक्चरचं आहे तो बघितलेला माणूस मला क्वचितच भेटतो.
तर तुमची नावं सांगा. ड्रोनने मरीन ड्राइव्ह दाखवून 'ये है मुंबई' करणारे नकोत.

डबल_फास्ट:
सत्या. विषय संपला.

मधलीलाईन:
डोंबिवली फास्ट! निशिकांत कामत, २००५. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे बॅट घेऊन निघतो ते सगळ्यांना आठवतं पण मला त्याच्या आधीचा भाग जास्त आवडतो, तेच उठणं तीच गाडी तेच ऑफिस परत तेच, बघता बघता आपल्यालाच घुसमटायला होतं. आपटे चिडतो ते पटतं, नंतरचा हाणामारीवाला आपटे मला तितका नाही पटला. लोकलने जाणारा माणूस इतका मोकळा चिडत नाही हो, तो घरी येऊन पोरांवर ओरडतो.
आणि कोर्ट राहिला की. चैतन्य ताम्हाणेचा. त्यात सरकारी वकील असलेली गीतांजली कुलकर्णी दिवसभर लोकशाहिराला आत ठेवायच्या मागे असते, मग ट्रेनने घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. तिला व्हिलन वगैरे केलेलंच नाही, म्हणून तर जास्त लागतं. आपल्या ऑफिसात अशा बायका आहेत, चांगल्या आहेत स्वभावाने.

वरच्या_मजल्यावरची:
@मधलीलाईन कोर्टला +१. पण ती वकीलबाई घरच्यांसोबत परप्रांतीयांची टिंगल करणारं नाटक बघायला जाते ना, त्या सीनला आमच्या इथे थिएटरात लोक खरंच हसत होते, म्हणजे ज्याच्यावर टीका चाललीये त्यालाच हसत होते, मला कळेना आता कुणाकडे बघू.
माझं मत लंचबॉक्सला, थोडी कुरकुर करून. डबा एकदा चुकला समजू शकते, पण रोज त्याच चुकीच्या माणसाकडे जातो आणि डबेवाल्याला पत्ता नाही? आमचे डबेवाले काका ऐकतील तर उठून जातील पिक्चरमधून. पण नवाजुद्दीन लोकलमध्ये बसून भाजी चिरतो ना, तिथे मी सगळं माफ केलं. आणि वरच्या देशपांडे आंटी, एकदाही दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज. बिल्डिंगमध्ये निम्मी ओळख आवाजावरच असते.

चौथीसीट:
@डबल_फास्ट सत्या मान्य, पण समुद्राकाठच्या त्या ओरडण्यासाठी नाही. भिकू म्हात्रे घरी बायकोचा मार खातो ना, शेफालीचा, त्यासाठी. बाहेर डॉन आणि घरात काही चालत नाही, आमच्या आईच्या रिमोटसारखंच.

गिरणीचा_भोंगा:
सगळे चाळ चाळ करताय, पण चाळ गेल्यावर काय झालं ते कोण दाखवतो? लालबाग परळ ने (२०१०, मांजरेकर) १९८२ च्या गिरणी संपानंतरची घरं दाखवली. मूळ जयंत पवारांचं अधांतर नाटक, ते जास्त टोकदार आहे, पिक्चर मध्येच गँगवॉरकडे घसरतो. माझे वडील गिरणीत होते म्हणून असेल पण ते बेकार बसलेले पोरगे मला अगदी ओळखीचे वाटले.
आणि पायल कपाडियाचा ऑल वी इमॅजिन ॲज लाइट बघा. कान्सला २०२४ मध्ये ग्राँ प्री मिळाली म्हणून नाही, छाया कदमसाठी बघा. बिल्डर घर खाली करायला सांगतोय आणि त्या घराचा एक कागद तिच्या नावावर नाही. बिल्डरच्या होर्डिंगला दगड मारते तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, शेजारचा माणूस बघत राहिला माझ्याकडे. वाक्यं बरीचशी मल्याळममध्ये आहेत, सबटायटल वाचायचा कंटाळा करू नका, मुंबई अर्धी अशीच बाहेरून आलेल्यांची आहे.

डबल_फास्ट:
भिकूच्या घरावर आपली सहमती. भोंगा भाऊ, अधांतर कुठे रेकॉर्डेड मिळेल का?

गिरणीचा_भोंगा:
पुस्तक आहे माझ्याकडे, पण देणार नाही, मागचं एक गेलं ते आलंच नाही. दादरला ये, कॉपी काढून देतो.