टायफॉइडनंतर पुन्हा धावताना

टायफॉइडनंतर २ किलोमीटरमध्येच धाप लागते, म्हणून धावणं सोडावंसं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया सोडू नका. मला डेंग्यू झाला होता. ताप आठवड्यात उतरला, प्लेटलेट्सही सावरल्या, पण अशक्तपणा दीड महिना हटला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी आधी नुसती चालले. मग १ मिनिट हळू धावायचं, २ मिनिटं चालायचं, असं २० मिनिटं, तेही एक दिवसाआड. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, एवढीच खूण धरली. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त असतील तर त्या दिवशी विश्रांतीच. आणि घड्याळातले आजारापूर्वीचे धावण्याचे आकडे अजिबात उघडू नका, मन सगळ्यात जास्त तिथेच खचतं.

मला टिकवलं ते शेजारच्या काकांनी. पहाटे साडेपाचला ते गेटवर उभे असायचे, मग मला उतरावंच लागे. तिथल्याच येऊरच्या डोंगराचा चढ ४ महिन्यांनी जमला, तोही अर्धा चालत. छातीत दुखलं, धडधड वाढली किंवा चक्कर आली तर मात्र लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा.

ठाण्यातच असाल तर रविवारी सहाला उपवनला या, सोबत चालू.