स्वीडनचे सालगडी सुटले ते फक्त संघटनेमुळे

दगडफूल :
‘कायदा कडक करा, मजुराचं आपोआप भलं होईल’ असं इथे दर पंधरवड्याला कुणीतरी लिहितं. त्यावर माझं उत्तर स्वीडन.

त्या देशात आजही किमान वेतनाचा कायदा नाही. मजुरी ठरते ती कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यातल्या करारानं. आणि ज्या प्रथेचं नाव काढलं की स्वीडिश माणूस अजून खाली बघतो, ती शेतमजुरांची ‘स्तातारे’ प्रथाही संसदेनं मोडलेली नाही. १९४४ मध्ये शेतमजुरांची संघटना आणि जमीनमालकांची संघटना समोरासमोर बसल्या, करार झाला आणि १ नोव्हेंबर १९४५ पासून प्रथा बंद.

स्तातारे म्हणजे मोठ्या जमीनदारीवर वर्षाच्या बोलीनं राहणारा लग्न झालेला गडी. मजुरी बहुतेक जिनसांत : राय नावाचं धान्य, दूध, बटाटे, सरपण. रोकड नावापुरती. राहायला लांबलचक चाळीत एक खोली आणि स्वयंपाकघर. वर्ष ऑक्टोबरअखेर संपायचं आणि मधल्या एका मोकळ्या आठवड्यात बिऱ्हाड गाडीवर घालून दुसरा मालक गाठायचा. आपल्याकडे पाडव्याला सालगडी बदलतो, तसंच. म्हणून शीर्षकात सालगडी.

कायदा नव्हता असं नाही. होता, पण मालकाचा. १८३३ च्या नोकर-कायद्यानं मालकाला गड्यावर हात उगारायचाही हक्क दिला होता. १८५८ नंतर तो अल्पवयीन गड्यांपुरता राहिला. १९२६ मध्ये तो अख्खा कायदाच रद्द झाला. तरी स्तातारे पुढची १९ वर्षं तसेच राहिले. म्हणजे वाईट कायदा जाऊनही सुटका नाही आणि चांगला कायदा न येताही सुटका झाली. मग ती केली कुणी?

बांधावरचा :
ट्रॅक्टरनं. आणि दूध काढायच्या यंत्रानं. तुम्ही शहरातली माणसं प्रत्येक गोष्टीचं श्रेय मोर्चाला देता. मालकाला वीस बिऱ्हाडं पोसायची गरज उरली नाही, तेव्हा त्यानं उदार होऊन सही केली. मी दहा एकरवाला आहे, हार्वेस्टर आल्यावर गावात काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. कुणाचा करार नाही, कुणाची संघटना नाही. माणसं गेली, इतकंच.

खडूस_मास्तर :
बांधावरचे, तुमच्या गावाचं खरं असेल, पण तारखा बघा. १९४४ हे महायुद्धाचं साल. स्वीडन लढाईत नव्हता, पण नाकेबंदीमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. गाड्या आणि ट्रॅक्टर लाकूड जाळून त्याच्या गॅसवर चालवत होते. ट्रॅक्टरांची खरी लाट युद्ध संपल्यावर आली. म्हणजे करार आधी, यंत्र मागून. उलट मी तर म्हणेन की मजूर रोखीनं महाग झाला म्हणून यंत्र घेणं परवडायला लागलं.

मात्र दगडफूल, तुमचा ‘फक्त’ मलाही पटत नाही. युद्धकाळात तरुण सीमेवर बोलावले गेले, बाकीचे कारखान्यांकडे निघाले. माणूस मिळेना. ज्या मालकाला माणूस मिळत नाही, तो करार करतोच. त्यात संघटनेचा पराक्रम किती?

दगडफूल :
मास्तर, माणसांचा तुटवडा हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण तुटवडा याआधीही पडला होता आणि तेव्हा काहीच सुटलं नाही.

१८५० ते १९३० च्या दरम्यान बारा लाखांवर स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली. त्यात गडीमाणसं आणि धाकटी शेतकरी पोरं भरपूर. सरकार इतकं हादरलं की १९०७ मध्ये स्थलांतराची भलीमोठी चौकशी सुरू करावी लागली. तुटवड्यानं मजूर सुटत असता तर तेव्हाच सुटला असता. मालकांनी काय केलं? दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात साखरबिटाची शेतं होती, त्यांत खुरपणीला ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियातून पोलिश मजूर आणले, बऱ्याचशा तरुण मुली. हंगाम संपला की परत. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे चाललं.

माणूस कमी पडला की मालकाला दोन वाटा असतात. भाव वाढवायचा, किंवा आणखी गरीब माणूस लांबून आणायचा. दुसरी वाट अडवायला कुणीतरी उभं लागतं. १९०५ मध्ये उभं राहायला पुरेसं बळ नव्हतं, १९४४ मध्ये होतं.

रामफळ :
दुसरी वाट तर आमच्या उसाच्या फडात रोज दिसते. असो, विषय स्वीडनचा आहे.

मालमोकर :
मी स्कोनेत सात वर्षं राहते, म्हणून बोलते. मालमोजवळ तोरुपला स्तातारे लोकांचं एक लहानसं संग्रहालय आहे. तिथली खोली पाहिली की ‘एक खोली आणि स्वयंपाकघर’ म्हणजे काय ते कळतं. सात-आठ माणसांचं घर. हिवाळ्यात भिंतीला पाठ लावून कोण झोपायचं, यावरून भांडणं होत असतील असं माझ्या मुलीचं मत पडलं.

पण तुम्ही सगळे गड्याबद्दलच बोलताय. करार नवऱ्याशी व्हायचा आणि दूध काढायला बायको जायची. गोठ्यातलं काम हा तिच्या नवऱ्याच्या नोकरीचाच भाग धरलेला. पहाटे उठून गाई पिळायच्या, घरी येऊन चूल, पुन्हा संध्याकाळी गोठा. रविवार नाही, सण नाही. गाईला कसला सण? बायकांनी या कामाला नाव ठेवलं होतं ‘पांढरा चाबूक’. संघटनेत पुढारी पुरुष, सभा पुरुषांच्या, आणि ज्या वेळी सभा त्याच वेळी बाई गोठ्यात. त्यामुळे संघटनेनं सोडवलं म्हणताना कुणाला आणि किती उशिरा, तेही विचारा.

दगडफूल :
ताई, मान्य. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. तिकडे जोडीला नाव नव्हतं, हिशेब मात्र तोच.

पण एक गोष्ट त्याच गोठ्यातून निघते. शेतमजुराच्या संपाचं सगळं दुखणं गाईत होतं. गिरणी बंद पडली तर सूत सडत नाही. गाय पिळली नाही तर ती हंबरते, आजारी पडते आणि गावाची सहानुभूती संपाकडून गाईकडे जाते. शिवाय घर मालकाचं. संप म्हणजे त्या दिवशी मजुरी बुडणं नव्हे. पोरंबाळं आणि भांडीकुंडी रस्त्यावर. दारातला बटाट्याचा पट्टाही त्याचाच. अशा माणसांची संघटना टिकली, हीच मोठी गोष्ट.

खडूस_मास्तर :
टिकली म्हणता, पण पहिल्यांदा टिकलीच नाही. १९०८ मध्ये देशव्यापी संघटना बांधली, १९०९ च्या सार्वत्रिक संपात कामगार हरले आणि ती मोडली. त्या हारीनं मोठमोठ्या संघटनांचीही हाडं खिळखिळी केली. मध्यवर्ती महासंघाचे निम्मे सभासद पुढच्या दोन-तीन वर्षांत गळाले. शेतमजुरांची तर नुकती उगवलेली. पुन्हा उभी राहिली ती १९१८ मध्ये.

१९१८ का, हेही बघा. आधीच्या वर्षी धान्यटंचाईवरून शहरांत दंगे झाले होते, शेजारी रशियात क्रांती झाली होती. राज्यकर्ते घाबरले होते. त्याच काळात गावातला मतांचा जुना हिशेब गेला. १९१८ पर्यंत ग्रामपंचायतीत श्रीमंतीच्या प्रमाणात मतं मिळायची. १८७१ साली ५४ गावं अशी होती की एकाच मतदाराकडे निम्म्याहून जास्त मतं! एकटा माणूस म्हणजेच गावसभा. ठराव तोच मांडणार, हात तोच वर करणार. तेव्हा संघटना महत्त्वाची खरीच, पण मताचा हक्क हातात नसता तर ती १९१८ मध्येही पुन्हा मोडली असती. आणि मताचा हक्क हा कायदाच की हो, दगडफूल!

निळावंती :
मास्तरांना माझा अर्धाच पाठिंबा. मतांचं राज्य आल्यावर काय झालं? १९१९ मध्ये आठ तासांचा कायदा आला आणि त्यातून शेतमजूर वगळला. कामाच्या तासांचा त्याचा वेगळा कायदा यायला १९३६ उजाडलं. मधली १७ वर्षं कारखान्यातला मजूर घरी जायचा आणि शेतातला उजेड असेपर्यंत राबायचा. स्वीडनचा उन्हाळ्यातला उजेड किती वाजेपर्यंत असतो ते मालमोकरताईंना विचारा.

आणि १९३३ चा सौदा? समाजवादी पक्षानं शेतकरी पक्षाशी हातमिळवणी केली. शेतमालाला भाव आणि शेतकऱ्याला संरक्षण यांना समाजवाद्यांनी पाठिंबा द्यायचा, बेकारांसाठीच्या कामांना शेतकरी पक्षानं. तिकडे त्याला ‘गाईचा सौदा’ म्हणतात. या टेबलावर जमीनवाला होता, शहरातला कामगार होता. शेतमजूर कुठे होता? माझ्या मते शेतमजुरांच्या संघटनेला आपल्याच पक्षानं बरीच वर्षं मागच्या बाकावर बसवलं.

बांधावरचा :
आता तुम्ही माझ्या मुद्द्यावर आलात. भाव मिळाल्याशिवाय शेतकरी मजुरी देणार कुठून? तो सौदा झाला म्हणून पुढचा करार झाला. आधी भाव, मग मजुरी. हे तिकडच्यांना कळलं, इथे मात्र दोघांना भांडत ठेवतात.

निळावंती :
काका, तो करार दहा एकरवाल्याशी झालेलाच नाही. स्तातारे असायचे स्कोनेत आणि मेलारेन सरोवराच्या आजूबाजूला, सरदार-जमीनदारांच्या वाड्यांवर. लहान शेतकरी घरच्या माणसांवर चालवायचा, फार तर एखादा बिनलग्नाचा गडी किंवा मोलकरीण. भाव मिळाल्यावर तो जमीनदार आपणहून मजुराला द्यायला आला नाही, ते त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं.

आणि संघटना वाड्यांवरच का वाढली? कारण त्या लांब चाळीत दहा बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून राहायची. एकाच्या घरात मालकाला शिव्या दिल्या तर तीन घरांना ऐकू जायचं. मालकाच्याच ताटाला ताट लावून जेवणारा एकटा गडी सभासद कसा होणार? मालकानं स्वस्तात पडावं म्हणून बांधलेली चाळ संघटनेच्या कामी आली, हे मला फार आवडतं.

रामफळ :
आणि गुन्नार स्ट्रेंगचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? स्टॉकहोमजवळचा बागकामाचा मजूर, प्राथमिक शाळेपुरतं शिक्षण. १९३२ पासून शेतमजूर संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता, १९३८ पासून अध्यक्ष. पुढे १९५५ ते १९७६ अशी सलग २१ वर्षं देशाचा अर्थमंत्री! दूध, राय आणि सरपणाचे पैशांत हिशेब मांडून ज्यानं मालकांशी घासाघीस केली, त्याला अर्थखातं काय जड जाणार. त्या पिढीत स्तातारेंच्या पोटी जन्मलेले लेखकही निघाले. लोकांना लाज वाटायला लावण्याचं काम त्यांनी केलं. करार त्यांनी केला नाही, पण मालकाला उजळ माथ्यानं नाही म्हणणं अवघड करून ठेवलं.

मालमोकर :
दगडफूल, तुमच्या ‘दुसऱ्या वाटे’बद्दल. ती वाट अगदी अलीकडेपर्यंत उघडी होती. शेतमजुरांची संघटना २००२ मध्ये पालिका कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संघटनेत, ‘कोम्मुनाल’मध्ये, विलीन झाली. शेतात माणसंच उरली नव्हती. पण उत्तरेच्या जंगलात कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात थायलंडहून हजारो माणसं यायची, रानातली फळं गोळा करायला. इथे कुणाच्याही जंगलात कुणीही फळं तोडावीत असा जुना लोकहक्क आहे, त्यामुळे माल फुकटचा. माणूस विमानभाडं आणि दलालाचे पैसे कर्ज काढून भरायचा. हंगाम वाईट गेला तर कर्ज घेऊन परत.

करार होता. कोम्मुनालनं केलेला, हमीच्या मजुरीसकट. परवाना मिळायला त्या कराराइतकी हमी दाखवावीच लागायची. तरी फसवणुकीच्या तक्रारी येत राहिल्या, माणसांच्या व्यापाराचे खटले उभे राहिले. कारण तो माणूस संघटनेचा सभासद नव्हता, भाषा येत नव्हती आणि दोन-तीन महिन्यांत जायचा. करार कागदावर त्याच्या नावानं होता, पण तो करणाऱ्यांत तो नव्हता.

खडूस_मास्तर :
म्हणजे करारही कायद्यासारखाच लांबून आलेला असू शकतो.

बांधावरचा :
मग पुन्हा सरकारच लागणार ना? विमानतळावर कागद तपासायला कोम्मुनालचा माणूस थोडाच उभा राहणार आहे.

दगडफूल :
हे मी मांडलं नव्हतं, खरं आहे. माझ्या मनात स्तातारेंची चाळ होती, दहा वर्षं एकमेकांचा खोकला ऐकलेली माणसं. ऑक्टोबरात बिऱ्हाड हलवलं तरी पुढच्या वाड्यावर पुन्हा तशीच चाळ आणि तिथे संघटनेची शाखा. जंगलात आठ आठवडे तंबू-बंगलीत राहणाऱ्यांची शाखा कशी बांधायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथे परवान्याची अट लागते, ती सरकारच घालणार.

तरी निळावंती, १९३३ च्या सौद्यावर तुमच्याशी भांडायचं राहिलंय. उद्या लिहितो. आणि इथे शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर तेवढा ‘फक्त’ काढला असता.