१९१३ मध्ये जमलेली लंडन परिषद १९१४ मध्ये का जमली नाही?

प्रश्न

डिसेंबर १९१२ ते ऑगस्ट १९१३ या काळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांच्या अध्यक्षतेखाली लंडनमध्ये बड्या सत्तांच्या राजदूतांची परिषद भरत होती. तिने अल्बानियाच्या सीमेचा तिढा सोडवला आणि बाल्कन युद्धाची झळ बड्या सत्तांपर्यंत पोहोचू दिली नाही. पहिले महायुद्ध पेटण्याच्या तोंडावर, २६ जुलै १९१४ रोजी, ग्रे यांनी पुन्हा चार सत्तांच्या परिषदेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा जर्मनीचे लिख्नोव्स्की आणि फ्रान्सचे कांबाँ लंडनमध्येच राजदूत होते. मग वर्षभरात असे काय बदलले? सैन्याच्या जमवाजमवीची (एकदा सुरू झाली की थांबवणे अवघड अशी) वेळापत्रके, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते.

पहिले उत्तर

परिषदेचे यश सभागृहापेक्षा सभागृहाबाहेर ठरत होते. १९१३ मध्ये बर्लिनने (जर्मनीने) व्हिएन्नाला (ऑस्ट्रियाला) आवरले आणि रशियाने सर्बियाला एड्रियाटिकवरील बंदराचा हट्ट सोडायला लावला. ५ जुलै १९१४ रोजी मात्र जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म यांनी पॉट्सडॅममध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताला पूर्ण पाठिंब्याचे आश्वासन दिले आणि दुसऱ्या दिवशी चान्सलर बेथमान-होल्वेग यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. मित्राला आवरण्याची जबाबदारी जर्मनीने त्याच दिवशी झटकली. २७ जुलैला तिने ग्रे यांचा प्रस्ताव फेटाळला, तो याच निर्णयाचा पुढचा भाग होता.

दुसरे उत्तर

वरील मत मला पटते, परंतु व्हिएन्नाचा विचार केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. परिषदेने आपल्याला काय दिले, असा प्रश्न तेथील मंत्री विचारत होते. कारण दोन बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला होता आणि परिषदेच्या निर्णयानंतरही सर्बियाचे सैन्य अल्बानियात होते. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी ऑस्ट्रियाने इतर बड्या सत्तांची वाट न पाहता सर्बियाला आठ दिवसांची निर्वाणीची मुदत दिली आणि सर्बियाने मुकाट्याने सैन्य मागे घेतले. माझ्या मते ही घटना आपल्या पुस्तकांत फार थोडक्यात येते. महिनोन्महिने वाटाघाटी करून जे मिळाले नाही ते एका खलित्याने मिळते, हा धडा व्हिएन्नाने तेथे घेतला.

तिसरे उत्तर

त्या धड्याचा परिणाम ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येनंतर, जुलै १९१४ मध्ये, स्पष्ट दिसतो. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वाँकारे रशियाच्या भेटीवर असताना सर्बियाला खलिता द्यायचा नाही, म्हणजे दोन्ही मित्रांना समोरासमोर बसून उत्तर ठरवता येणार नाही, असा हिशेब व्हिएन्नाने केला आणि ते निघण्याच्या दिवशी, २३ जुलैच्या संध्याकाळी, खलिता बेलग्रेडमध्ये दिला. मुदत अवघी ४८ तासांची होती. २५ जुलैला पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन ऑस्ट्रियाचे राजदूत गीझल यांच्याकडे गेले. बहुतेक मागण्या मान्य होत्या, मात्र ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांना त्या हत्येच्या सर्बियातील तपासात सहभागी करून घेण्यास नकार होता. उत्तरावर नजर टाकून गीझल यांनी संबंध तोडले आणि त्याच संध्याकाळी साडेसहाच्या गाडीने शहर सोडले.

ग्रे यांचा प्रस्ताव आला तो दुसऱ्या दिवशी. २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले आणि रशियाने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला तो ३० जुलैला. त्यामुळे वेळापत्रकांविषयीची आपली शंका मला रास्त वाटते: त्यांनी युद्ध झपाट्याने पसरवले, परंतु परिषदेचा मार्ग त्याआधीच बर्लिन आणि व्हिएन्ना यांनी बंद केला होता.